खल आणि बत्ता

जिंकेल त्याने खल न्यायचा, हरेल त्याने बत्ता.
हा ठराव कोणी केला ते आता कुणालाच आठवत नाही.
आम्ही औषधनिर्माणवाले म्हणतो,
आमच्या प्रयोगशाळेतल्या लोटणकरांनी.
विधीवाले म्हणतात, लेखी दाखवा.

कोलशेत रस्त्याला, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागे
फेब्रुवारीचा दुसरा शनिवार.
ऊन येऊरकडे कलतं, फक्कीच्या रेघा ओढून होतात,
दोन्ही खांब कोणीतरी उगाच हलवून बघतो,
आणि आठ जणी उलटसुलट तोंडं करून पाटीत बसतात.

पूर्वी इथून खाडी दिसायची.
आता चौतीस मजले दिसतात,
आणि गॅलरीत चादरींआडून बघणारी माणसं,
ज्यांना वाटतं, खाली भांडण चाललंय.
तसं ते चाललेलंच असतं.

अठ्ठ्याऐंशी साली
मी शेवटच्या तुकडीतली शेवटची.
आम्ही एका गुणाने पुढे, वीस सेकंद बाकी,
आणि मागे कुंदा मढवी.
कुंदा पळायची नाही, चालून यायची,
व्याज येतं तशी.
खांबाशी मी वळले, तिने सूर मारला,
आणि पाठीवर, इथे, वेणीच्या शेंड्याखाली,
एक बोट.
बोटही नाही, नख.

केणी सरांच्या डोळ्यांवर ऊन होतं.
शिट्टी वाजली नाही.
मी पळत राहिले.
मग वाजली ती वेळेची.

कुंदाने तोंडातली माती थुंकली,
माझ्याकडे बघितलं,
आणि बुटाची नाडी बांधायला बसली.
नाडी सुटलेली नव्हती.

पुढे ती ठाणे कोर्टात वकील झाली.
बांधाचे वाद, वाटण्या, कुळाच्या जमिनी,
हातभर तुकड्यासाठी वीस-वीस वर्षं भांडली.
हा एक दावा तिने कधी दाखल केला नाही.
माझं खारेगावात औषधांचं दुकान.
रक्तदाबाच्या गोळ्या ती माझ्याकडूनच नेते.
सवलत घेत नाही.
मीही एकदाच विचारली.

यंदा तिने खुर्ची ओढली ती आमच्या मांडवात.
गुडघ्याला पट्टा, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी.
तिच्या पोरी चढाईवर होत्या,
आमची एक सुटत होती, साखळी धरून, वाकून,
अशी की मला माझीच पाठ दिसली.

मी म्हटलं, कुंदा, लागलं होतं.

ती मैदानाकडेच बघत होती.
एक शेंगदाणा सोलला, फुंकर मारली.
म्हणाली, माहीत आहे.
मग बऱ्याच वेळाने,
खो ऐकून दोन जणी उठून बसल्यावर:
पण त्याआधी मी दिशा मोडली होती.
खांब यायच्या आत खांदा वळवला मी.
फाउल माझा. तुझं लागणं धरलंच नसतं.

केणींना तेही दिसलं नव्हतं.

म्हणजे छत्तीस वर्षं
मी चोरलेली वस्तू म्हणून सांभाळली
ती माझीच होती.
मला तिचा राग आला, खरंच,
कानाच्या पाळ्यांपर्यंत.
मग बोलली का नाहीस?
तू कुठे बोललीस, ती म्हणाली,
मला वाटायचं, तू बघितलंयस सगळं
आणि कळू देत नाहीस.
दर महिन्याला गोळ्या मोजून देताना
तू अशी बघायचीस ना.

मी कशी बघायचे?

इतक्यात शिट्टी झाली.
विधी, दोन गुणांनी.
तिकडे ढोलकी, इकडे कोणीतरी रडतंय,
एक मुलगी पंचांना घड्याळ दाखवा म्हणतेय.

मग नेहमीप्रमाणे, वेगळे व्हायच्या आधी,
खल आणि बत्ता टेबलावर आले.
वर्षातून एवढाच वेळ ते एकमेकांना भेटतात:
दोन्ही मांडवांच्या चहाचं आलं कुटण्यापुरते.
पोरांना जोर लावता येईना.
कुंदाने खल पोटाशी धरला, बत्ता माझ्या हातात.
पितळेवर पितळ पडलं तसे
गॅलरीतले लोक पुन्हा बाहेर आले.

जोरात कुट, म्हणाली,
निकालाला काही धक्का लागत नाही.