उताराची ओळ

शिवरात्र दोन दिवसांवर आली, तरी थंडी
पिंपळनेर सोडायला तयार नाही.
मण्यांत नुकतं पाणी उतरलंय,
बोटाने दाबला तर जेमतेम दबतो.

लोखंडी खांबाला मी थर्मामीटर बांधलाय.
दर अर्ध्या तासाने बॅटरी मारते:
सहा. चार. अडीच.
लोटनआबा त्याच्याकडे बघतही नाहीत.
बादली भरून उघड्यावर ठेवतात
आणि अधूनमधून तिची कडी धरतात.
तीन वाजून गेल्यावर म्हणाले,
"कडी चावस. आते चेटाड."

पऱ्हाटीचे ढीग, वरून ओला पाचोळा.
जाळ नको, धूर हवा,
तोही आळशी, मांडवाखाली लोळणारा.
एखादा ढीग भडकला की आबा
शिव्या देत ओंजळीने पाणी मारतात,
रुसलेल्या पोराचं तोंड धुवावं तसं.

रात्रपाळीची लाईट आली. मोटार घरघरली.
विहिरीचं पाणी हाताला कोमट लागलं.

माझं माहेर यावल, केळीचा मुलूख.
थंडी वाहते, हे मला इथे कळलं:
बांधाबांधाने उतार शोधत येते
आणि नाल्याकडच्या शेवटच्या ओळीत साचते.
"ती ओळ तिची," आबा म्हणतात,
तिथे ढीग लावतच नाहीत.

मी भांडले. चार ढीग लावले स्वतः.
धूर तिथे थांबेना. बांध ओलांडून
हिलाल देसल्यांच्या बागेत शिरला.
त्यांच्याशी आमचं नऊ वर्षं बोलणं नाही,
विहिरीच्या वाटेवरून.

पलीकडे कुणीतरी खोकलं.
मग काडी ओढल्याचा आवाज. विझली.
दुसरी.
थोड्या वेळाने तिकडचा धूर इकडे येऊ लागला.
कुठला कोणाचा, ते मोजायला
तलाठी नव्हता.

उजाडलं तेव्हा शेवटच्या ओळीत
पानं चहाच्या चोथ्यासारखी,
मणी तडकलेले.
बाकी बाग धुरकट, हिरवी, मुकाट.
आबांनी बादली उपडी केली,
तिच्यावर बसून बिडी पेटवली.
मला वाटलं, आता बोलतील.
बोलले नाहीत.

मुलगी शाळेला निघाली,
दोन्ही वेण्यांना पऱ्हाटीचा वास.
तिच्या पुढे देसल्यांचा नातू,
त्याच्याही स्वेटरला तोच.

थर्मामीटरवर अजून सातच.
आज रात्रीपुरती पऱ्हाटी उरलीय का
ते बघायला मी खळ्याकडे गेले.