धुलाई

अबरलासची जर्सी काळी, ट्रेवेनची पिवळी.
मधे एक डोंगर, आणि शंभर वर्षांचं वाकडं.
ट्रेवेनचा जावई नको, असं बाप म्हणाला
म्हणून माझी थोरली बहीण मेरेरिद
कॅनडात एकटीच म्हातारी झाली.

आणि एका मंगळवारी राजधानीतून फर्मान आलं:
दोन्ही क्लब मोडा, मिळून एक संघ करा.
पगारी. अख्ख्या प्रांताचा.
नाव केस्ट्रेल.
रंग कुणाचाच नको, म्हणून राखाडी.

मी तेव्हा स्टँडखालच्या धुण्याच्या खोलीत.
पहिल्याच आठवड्यात सरावाचे जुने कपडे,
काळे नि पिवळे, एकाच मशीनमध्ये लोटले,
साठ डिग्रीवर.
जे बाहेर आलं त्याला रंग म्हणवेना,
गटारावरचं शेवाळ म्हणा हवं तर.
ब्लेदिनने ते अंगात घातलं, पोट आत ओढलं
आणि म्हणाला, मॉर्विद,
साहेबांना जमलं नाही ते तू करून दाखवलंस.

सामना मी कधी बघितला नाही.
मला चिखलावरून कळायचं.
पाठीवर चिखल म्हणजे मागे रेटले गेले.
छातीवर चिखल म्हणजे रेषेपार झेपावले.
त्या पहिल्या हिवाळ्यात नुसत्या पाठी धुतल्या मी.
नऊशे माणसं यायची,
काळेवाले नदीच्या अंगाला, पिवळेवाले रस्त्याच्या,
आणि शिव्या मात्र दोघांच्या एकच.

मग फिजीहून वैसाके आला,
फेब्रुवारीत, दोन-दोन मोजे चढवून.
पहिल्या दिवशी माझ्या ड्रायरला पाठ लावून बसला
तो प्रशिक्षक शोधत येईपर्यंत.
धावायला लागला की म्हणे
पंच शिट्टी तोंडात धरून विसरायचा.
त्याची जर्सी छातीवर इतकी मळायची
की चौदा आकडा पाठीवर कोरा करकरीत.

दुसऱ्या वर्षी आयरिश आले, हरून गेले.
फ्रेंच आले, जेवणाला नावं ठेवून, हरून गेले.
चषक घेऊन बस डोंगरावरून आली त्या रात्री
ट्रेवेनचा खाटीक नि अबरलासचा खाटीक
एकाच छत्रीखाली उभे होते.
छत्री कुणाची, यावर नंतर वाजलं,
पण ते नंतर.

उतरती कळा मला साबणातून कळली.
आधी चांगली पावडर बंद झाली,
मग निळा डबा आला, ज्याला फेसच नाही.
मग मालक प्रॉसर खाली आले,
गॅरेजची दारं विकून मोठा झालेला माणूस,
मशीनवर हात ठेवून म्हणाले, हिचं वय काय?
माझं विचारतायत असं वाटून मी एकसष्ट सांगितलं.

मार्चचा पगार मेमध्ये. मेचा आलाच नाही.
आलं ते पत्र, दीड ओळीचं.
खाण बंद करतानाही असंच पत्र आलं होतं;
तेव्हा कागद तरी जाड होता.

वैसाके फ्रान्सला गेला, दुसऱ्या श्रेणीत.
ब्लेदिन शाळेची बस चालवतो,
पोरं त्याला पाय चेपून दाखव म्हणतात,
म्हणजे ब्रेकवर.
मशीन लिलावात गेली. ड्रायर कुणी घेतला नाही,
त्याच्या जाळीत मला एक डबल मोजा सापडला.

शनिवारी पुन्हा काळे आणि पिवळे, हौशी, वेगवेगळे.
शंभर माणसं. शिव्या जुन्याच, आता सुरात.

परवा ट्रेवेनच्या पेट्रोल पंपावर
एक माणूस दिसला, अंगात आमची राखाडी जर्सी,
विटून दुधाच्या सायीसारखी झालेली,
केस्ट्रेलचा एक पंख उसवलेला.
मी जवळ गेले. कॉलर उलटून बघितली.
त्याला वाटलं, बाई रडणार.
अहो, साठवर धुता का हिला?
लेबलवर चाळीस लिहिलंय, चाळीस,
असं त्याला मी चारचौघांत सुनावलं.