तिथं टाळी नव्हती

किसननगरच्या भोंडल्यात यंदा पोरींनी
धारवाल्यांचं गाणं बसवलं.
पाटावर खडूचा हत्ती, भोवती फेर,
आणि प्रत्येक ओळ मोडते तिथं एक टाळी.

दगड फिरतो गरगर, बाई, गरगर
*
ठिणग्यांची फुलं माझ्या राजाच्या अंगभर

कोरडा दगड चाले, बाई, भरभर
*
पांढरी पिठी बसली त्याच्या भुवईवर

प्लॅस्टिकच्या खुर्चीतून शेवंताकाकू म्हणाली,
"तिथं टाळी नव्हती."
ढोलकीवाली थांबली. बाकीच्या दोन पावलं पुढं जाऊन थांबल्या.

मला ठाऊक होतं काय होतं तिथं.
वागळे इस्टेटच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी आबांचा डबा घेऊन जायची.
नऊ दगड, नऊ फळ्या. फळीला घोडा म्हणत.
घोड्यावर मांड ठोकून नऊ जण,
तोंडं दगडाच्या इतकी जवळ
की सुरी नाकाला लावताहेत असं वाटावं.
शेकड्यावर मजुरी. ओला दगड हळू चालतो,
म्हणून नळ होता, पण त्याला चावी नव्हती.

दस्तगीर शिकलगार म्हणायचा,
"माझ्या आज्यानं तलवारींना पाणी पाजलं.
तलवारसुद्धा पाणी पिते रे,
ही कसली जन्माची तहानलेली सुरी?"
एका मंगळवारी त्याचा दगड फुटला.
छपराला पडलेलं भोक पुढं कितीतरी वर्षं तसंच होतं,
त्यातून ऊन थेट रिकाम्या घोड्यावर पडायचं.
रिकामा म्हणजे दुपारपर्यंत.
बाकावरची नवी पोरं हसत होती, सुपातली.

आईनं आबांच्या सदऱ्याची भोकं शिवणं सोडून दिलं.
कामगार हॉस्पिटलच्या कागदावर क्षय लिहिलं होतं.
गोळ्यांनी लघवी लाल झाली,
खोकला होता तिथंच राहिला.
अडतिसाव्या वर्षी ते
दुसऱ्या मजल्याला दोनदा बसायचे
आणि बसल्याचं कुणी पाहू नये म्हणून
चपलेचा अंगठा तपासत राहायचे.

गाणं केलं ते नळावरच्या बायकांनी,
पहाटे चारला, हंडे लावता लावता.
चाळीच्या भिंती पातळ. ओळ अर्ध्यावर येईतो
आतून कुणाचा तरी खोकला सुटायचा.
बाई गायची थांबायची.
हंडा भरत राहायचा. खोकला संपला
की उरलेली ओळ.
कधी ती ओळ दुसरीच कुणी म्हणायची,
कारण पहिली आत गेलेली असायची.

पाणी मागते मी दगडाला घोटभर

मालक म्हणे, गंज येतो पात्यावर

ही ओवी पोरींना माहीत नव्हती.
काकूनं म्हटली, बेसूर, मधे थांबून,
आणि थांबली तेव्हा तिनं मान वळवली
जिना होता त्या बाजूला.
आता तिथं लिफ्ट आहे.

"मग तिथं काय करायचं आजी?" रिद्धीनं विचारलं.
"थांबायचं."
"किती?"
"ते त्याच्यावर असायचं."

फेर पुन्हा सुरू झाला.
गरगर, बाई, गरगर
आणि पंचवीस-तीस तळवे एकमेकांजवळ येऊन
हवेत राहिले.
मिक्सर चालू होता कुणाच्या तरी घरात.
सगळ्यात धाकटीला राहवलं नाही,
तिनं वाजवलीच.