दोन हजार तीनशे

शाळेत जायच्या आधी मी मोजायला शिकले,
असल्फ्याच्या खोलीत,
जिथे खाटेच्या पायाला आवळून बसवलं होतं
वेढे घालायचं हातयंत्र.
त्याच्यावरचा आकडे दाखवणारा डबा कधीच मेला होता.
आकडे आईच्या ओठांवर असत.
ओठ हलत असले की बोलायचं नाही.
शेजारच्या तेलंग काकू सुद्धा उंबऱ्यात थांबून
भिंतीवर खडूची रेघ पडायची वाट बघत,
मग साखर मागत.

एका होल्टला दहा वेढे, हा धरमशी शेठचा कायदा.
दोनशे तीस आत, म्हणजे दोन हजार तीनशे.
बारा बाहेर, म्हणजे एकशे वीस.
दारावरच्या घंटीला एवढं पुरे.
कुठल्या दारावर, कुणाचं बोट,
ते आम्हाला कुणी कळवत नसे.

आतली तार केसासारखी, अडतीस गेज,
ओढ जरा जास्त झाली की तुटायची.
बाहेरची जाड, पोतं शिवायच्या दोऱ्याएवढी.
मी विचारलं, जिथे दाब जास्त तिथे तार बारीक कशी?
आईने शंभर पुरे केले, रेघ ओढली, मग म्हणाली,
"दाब उतरवला की ओझं वाढतं, बाय.
जाड तारेलाच पेलतं ते.
आत जातं तेवढंच बाहेर निघतं.
थोडं लोखंड तापवण्यात जातं,
त्याची मजुरी कोण देत नाही."

इस्माईल मेस्त्री तयार माल न्यायला यायचे.
त्यांनी सांगितलं, खोपोलीकडून वीज निघते
तेव्हा तिला लाखावर चढवतात,
नाहीतर वाटेतच तारा तापवून दमेल बिचारी.
मग मुंबईत पायरी पायरीने उतरवत आणतात.
तुझी आई शेवटच्या पायरीवर बसलीय, म्हणाले,
आणि आईला हसू आलं, आणि आकडा चुकला.

मला एकच पटत नव्हतं.
दोन तारांमध्ये कागद. कुठेच शिवत नाहीत एकमेकींना.
मग पोचतं कसं?
"हलतं म्हणून," मेस्त्री म्हणाले, "सेकंदाला पन्नासदा इकडून तिकडे.
ठाम उभं राहिलं तर पलीकडे काय नाय.
सेल लावून बघ."

लावले. टॉर्चचे दोन सेल, जाड तारेच्या टोकांना,
आणि बारीक तारेची टोकं माझ्या चिमटीत.
काही नाही. मख्ख लोखंड.
कंटाळून सेल काढला
आणि कोपरापर्यंत झणका गेला.
असताना नाही. सुटताना.

बाबा गेले त्या दुपारी आई सोळाशे चाळीसवर होती.
बॅग दारात, एक पाय चपलेत.
"येतो," म्हणाले.
ती मान वर न करता सोळाशे एक्केचाळीस म्हणाली,
बेचाळीस म्हणाली.
सतराशेची रेघ ओढली तेव्हा जिन्यात कुणी नव्हतं.
मग तिने उरलेले सहाशे घातले,
कागद गुंडाळला, वर एकशे वीस.
त्या दिवसाचा एकही नग जळून परत आला नाही.

आता ती एकोणऐंशीची आहे.
संध्याकाळी भाजी घेऊन येताना
गल्लीच्या तोंडाशी जाळीतल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरपाशी थांबते,
कवटीच्या पाटीखाली, कान देऊन.
"लोड वाढलाय," म्हणते. "सगळ्यांनी एसी लावले असणार."
आत किती वेढे असतील याचा अंदाज
दर वेळी वेगळा सांगते.

आमच्या दारावर अजून तिचाच नग आहे, शेठने दिवाळीला दिलेला.
घंटी क्वचित वाजते. कुरियरवाले फोन करतात.
परवा जळमटं काढायला स्टुलावर चढले
तर हाताला तो कोमट लागला.
वाजवायला कुणी नसलं तरी
त्याची आतली बाजू चालूच असते,
रात्रंदिवस, बारीक गुणगुणत.
मी खाली उतरून आईला सांगितलं.
"असतोच," ती म्हणाली,
आणि मटार सोलत राहिली.