साठीच्या आतला

जानेवारी. सावळीच्या शिवारात हरभऱ्याला घाटे धरलेत,
मी मचाणावर, पुंडलिकदादाच्या घोंगडीत अर्धा.
खिशात कंपनीचा फॉर्म:
आणखी पाच वर्षं,
दर सहा महिन्यांनी तपासणी,
आणि शेजारच्या खुर्चीत साठीच्या आतला कोणीतरी.

येत्या अकरा तारखेला मी साठ.

मे महिन्यात नागपूरहून उडताना
हवा इतकी पातळ होते की पंखांना धरत नाही.
धावपट्टी संपत येते, चाकं जमीन सोडत नाहीत.
तेव्हा किती थांबायचं
ते माझ्या तळहाताला कळतं.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

दादा शहात्तरचा.
मागच्या साली शिडीची पायरी चुकली,
तेव्हापासून घरच्यांनी ठरवलं, एकट्यानं जागलीला जायचं नाही.
म्हणून नातू टिकेश, चौदाचा, कानटोपीत, हातात बॅटरी.
दादाला त्याचं काही नाही.
"डोये याचे, कान माहे. भागते."

"काकाजी, वरून आपलं गाव दिसते का?"
"नाही. वर्धा मागे पडली की अमरावतीपर्यंत अंधार."
"म्हंजे आपुन त्या अंधारातच हावो?"
दादा हसला, बराच वेळ खोकला.

दोन चाळीसला डोक्यावरून हैदराबादचं गेलं.
नुसत्या आवाजावरून मी इंजिन सांगितलं.
"कान तर तुहेबी शाबूत हायेत," दादा म्हणाला.

कानांचं कोण विचारतंय?
गेल्या तपासणीला
तक्त्यावरची शेवटची ओळ मी वाचली नव्हती.
आठवली होती.
डॉक्टर चांगले, माझ्याच वयाचे,
चष्मा पुसत म्हणाले, उत्तम, कॅप्टन.
हे मी अजून कुणाला,
सुनंदालासुद्धा.

तीनच्या सुमारास टिकेशनं माझं ढोपर दाबलं.
"रोही. धुऱ्याजवळ. चार."
मी पाहिलं. धुरा होता. काळं काहीतरी होतं,
मग त्यातलं थोडं हललं.
"तुले किती दिसले?" दादानं विचारलं.
"चार," मी म्हणालो.

दादा मान तिरपी करून बसला.
थंडी वाजत होती. कुणी बोलत नव्हतं.
"पाच हायेत. एक बसेल हाये."

टिकेश बॅटरी घेऊन सरसर उतरला,
हाऽड, हाऽड,
आणि शिवारभर कुत्री उठली.

मी फॉर्म काढला.
दंवानं कडा मऊ झालेल्या.
बॅटरी खाली, चंद्र केव्हाच गेलेला.
सही कुठं करायची
ते मला पाठ होतं.