एक्केचाळीस नंबर

आमचं गाव नकाशाच्या नेमकं घडीवर येतं,
म्हणून नकाशा फाटतोही तिथेच.
पाइप्सी सरोवराचा हा काठ, पाण्यापलीकडे दुसरा देश,
मधे धुकं. त्याला पासपोर्ट लागत नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी
मासे खारवायच्या शेडमधून आम्ही जाळी बाहेर काढतो,
फरशी सोड्याने तीनदा धुतो
आणि तिला कलादालन म्हणायला लागतो.
वास ऐकत नाही.
दारावर जुनाच कापडी फलक,
सव्विसाव्या वर्षावर सत्ताविसावं शिवलेलं;
खाली इतके आकडे साठलेत
की तेवढाच भाग उशीसारखा फुगलाय.

खजिनदार मी.
खजिना म्हणजे बिस्किटांचा डबा, पावतीपुस्तक,
आणि लाल टिकल्यांचा कागद:
चित्र विकलं गेलं की खाली एक लावायची.
शंभर आणल्या होत्या, सातव्या वर्षी.
अजून एकाहत्तर आहेत.

यंदा चाळीस चित्रं. त्यातली तेहतीस सरोवराची.
हेल्डुरचं सरोवर पालथ्या ताटासारखं,
शाळेतल्या मुलांचं जांभळं, कारण निळा संपला होता,
दातांच्या डॉक्टरीणबाईंचं इतकं हुबेहूब
की बघणारा आधी आपला चष्मा पुसतो.
सतरा नंबरचं माझं.
त्याबद्दल काही नाही.

शनिवारी सकाळी अवदोत्या आली,
जुन्या श्रद्धेच्या गल्लीतली, डोईचा रुमाल हनुवटीखाली टाचलेला,
कांद्यांच्या माळा घेऊन, दर शनिवारी येते तशी.
खांदा अवघडला म्हणून एक माळ तिने
भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवली
आणि चहा प्यायला बसली.
कोणीतरी, मी नव्हे, खाली चिठ्ठी लावली: ४१.

बाराच्या सुमाराला तालिनचा एक पाहुणा,
पातळ तळव्यांचे बूट घातलेला,
सतरा नंबरवरून न थांबता पुढे गेला
(मी बघत नव्हतो)
आणि माळेसमोर उभा राहिला.
म्हणाला, ही. एकशे वीस युरो.
अवदोत्याने मला हळूच विचारलं: किलोला?

टिकली लावली.
पाहुणा म्हणाला, उद्या संध्याकाळी नेईन,
प्रदर्शन संपल्यावर, नियमाप्रमाणे.

नियम आमचाच.
पण रात्री बँडवाल्यांसाठी सूप करायचं होतं,
अठ्ठावीस माणसं, बाकीच्या माळा सगळ्या खपलेल्या,
आणि अवदोत्या म्हणाली,
टांगून ठेवला म्हणून कांदा काही शहाणा होत नाही.
खालून आठ काढले.
रविवारी सकाळी आणखी सहा.
कोणी अडवलं नाही. मीसुद्धा.

पाहुणा आला तेव्हा खिळ्यावर
वाळक्या पातीची वेणी होती, वरच्या टोकाला तीन कांदे.
तो बराच वेळ बघत राहिला.
मी डब्याचं झाकण उघडून तयार, पैसे परत करायला.
त्याने विचारलं, बाकीचे कुठे आहेत?
आम्ही सगळे एकदम छताकडे बघायला लागलो.
अवदोत्याने त्याच्या हातात वाडगा दिला,
तळातलं, थोडं लागलेलं.
तो उभ्यानेच प्यायला. पाव मागून घेतला.
मग ती वेणी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली
आणि तिला पट्टा लावला.

सोमवारी जाळी परत आत.
त्या खिळ्याला आता झिनोवीची टोपी असते,
खाली टिकली. खरवडायला कोणाला वेळ आहे.

घरी माइमूने माझ्या कोपराला चिकटलेली एक शोधून काढली.
तुला कोणी घेतलं? तिने विचारलं.
मी म्हटलं, पैसे अजून यायचेत.
तिने ती फेकली नाही,
बोटावर घेऊन घरभर हिंडली,
आणि नंतर तिचं बोट रिकामं होतं.

वहीत मी लिहिलं: शिल्लक एकोणसत्तर.
विक्री एक.
हिशोब जुळत नाही. कोणी विचारतही नाही.