पाचवी

सोहारच्या शाळेत भूगोलाला
पाच जणी लागतात, तरच वर्ग निघतो.
केतकी धरून चार झाल्यात.
सकाळपासून फोन चाललाय,
"अगं नाझनीन, नकाशे असतात, पाठांतर कमी!"

अर्जावर मी पेन्सिलीने लिहिलेलं फिजिक्स
तिने खोडलं नाही.
शेजारी बारीक रेघांनी एक वादी काढली.
"इथली वादी, बाबा. आपली चार घरांची वाडी नव्हे.
कोरडी नदी. एका रात्रीत गाड्या वाहून नेते."

मला कुणी विचारलं नव्हतं.
आयटीआयत रिकामी होती
ती फिटरची जागा.

रात्रपाळीला निघताना, एका पायात बूट,
मी विचारतो, पाचवी कोण?
"अजून नाही."

सही करतो.
तारीख तेवढी
कोरी ठेवतो.